तुझी बाजू कुठली?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारचे चार वाजले असतील. दारात एक मुलगी उभी. चपला चिखलानं माखलेल्या, खांद्याला सॅक, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद.

"मॅडम, ओळखलंत का?"

तेहतीस वर्षं मी तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं. एफवायच्या सक्तीच्या इंग्रजीला एका वर्गात सव्वाशे-दीडशे मुलं. चेहरा ओळखीचा वाटला, नाव काही आठवेना. तिनंच सांगितलं. बीएस्सीला आमच्या कॉलेजात होती, पुढं एमएस्सी मायक्रोबायॉलॉजी केलं. उसाच्या शेतातल्या मातीत कोणते जिवाणू राहतात, खताच्या माऱ्यानं त्यांचं काय होतं, यावर तिचं काम चाललेलं. इंग्लंडमधल्या एका प्राध्यापकांना ते आवडलं. दोन वेळा त्यांच्याशी संगणकावरून बोलणं झालं आणि पीएचडीसाठी ते तिला घ्यायला तयार झाले. प्रकल्पातून फी आणि राहण्याचा खर्चही मिळणार. कृष्णाकाठच्या गावातल्या, मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला आणखी काय हवं?

"मग रडायला काय झालं?" मी विचारलं. कारण ती रडतच होती.

तिनं पिशवीतला कागद पुढं केला. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल. ऐकणं ७, वाचणं ७, बोलणं ६.५, लिहिणं ५.५. एकूण ६.५. विद्यापीठाची अट होती एकूण ६.५ आणि कुठल्याही एका भागात ६ पेक्षा कमी नको. म्हणजे एकूण गुण बरोबर, पण लेखनात अर्ध्या गुणानं गाडी अडलेली.

ज्यांच्या घरात अजून हे प्रकरण आलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. परदेशात संशोधनाला जायचं तर बहुतेक ठिकाणी इंग्रजी येतं हे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी टोफेल आहे, ती १९६४ पासून. आयईएलटीएस १९८९ पासून. इतरही आहेत. आयईएलटीएसमध्ये चार भाग. ऐकायचा अर्धा तास, वाचायचा एक तास, लिहायचा एक तास आणि समोर परीक्षक बसवून बोलायची अकरा ते चौदा मिनिटं. गुण शून्य ते नऊ, त्यांना बँड म्हणतात. फी सतरा-अठरा हजारांच्या घरात. आणि निकाल चालतो फक्त दोन वर्षं. पुढं तो शिळा.

"मॅडम, शहरातले सल्लागार म्हणाले, पुन्हा क्लास लावा. पंचवीस हजार. बाबांनी पहिल्या वेळेचे पैसे सोसायटीतून उचलून दिलेत. आता कुठल्या तोंडानं मागू?"

मला आधी रागच आला. तिचा नव्हे, त्या अटीचा. अख्खं एमएस्सी या मुलीनं इंग्रजीतून केलं. तसा कॉलेजचा दाखलाही तिनं पाठवला होता. काही विद्यापीठं तो मानतात, हिच्या विद्यापीठानं मानला नाही. आणि गंमत पाहा. ब्रिटनच्या सरकारची एक यादी आहे, बहुसंख्य लोक इंग्रजी बोलतात अशा देशांची. तिथल्या नागरिकांना ही परीक्षा द्यावी लागत नाही. त्या यादीत अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आहेत, ते समजण्यासारखं आहे. जमैका आहे, गयाना आहे, त्रिनिदाद आहे. गयाना-त्रिनिदादला आपल्याकडच्याच बिहार-उत्तर प्रदेशातून गेलेल्या ऊसमजुरांची पणतवंडं राहतात. त्यांना माफी आणि कृष्णाकाठच्या ऊसवाल्याच्या लेकीला परीक्षा!

पण राग बाजूला ठेवून विचार केला, तर अट अगदीच गैर आहे असंही म्हणवत नाही. तिकडे पीएचडी म्हणजे सत्तर-ऐंशी हजार शब्दांचा प्रबंध. तो स्वतः लिहायचा, मग दोन परीक्षकांसमोर बसून दोन-तीन तास त्याची बाजू मांडायची. भाषेत अडकलेल्या मुलीचं तिथं हाल कुत्रं खाणार नाही. तीन वर्षं परक्या गावात रडत काढण्यापेक्षा इथं एकदा रडलेलं परवडलं. म्हणून तिला म्हटलं, "चूल पेटवायच्या आधी लाकूड ओलं आहे की सुकं ते बघू. बस इथं. मला एक निबंध लिहून दाखव."

परीक्षेत असतात तसला विषय दिला. काहींना वाटतं, विद्यापीठांनी नोकरीला उपयोगी पडेल तेवढंच शिकवावं. काहींना वाटतं, ज्ञानासाठी ज्ञान हवं. तुमचं मत काय? अडीचशे शब्द, चाळीस मिनिटं.

मी चहा टाकला. पस्तिसाव्या मिनिटाला तिनं कागद दिला. अक्षर सुरेख. व्याकरणाच्या चार-दोन चुका, त्याही किरकोळ. पहिल्या परिच्छेदात नोकरीच्या बाजूचे मुद्दे, दुसऱ्यात ज्ञानाच्या बाजूचे. आणि शेवटी माझं काळीज हललं असं एक वाक्य. 'एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स.' प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात, म्हणून दोन्हींचा समतोल साधावा. संपलं.

हे वाक्य मी ओळखलं. ते माझंच होतं! एफवायच्या मुलांना मी ते फळ्यावर लिहून देत असे. "निबंध कुठलाही येऊ दे, शेवट असा करा. पास व्हाल." मुलं पास होत. मलाही निकाल चांगला लागल्याचं समाधान मिळे.

मी तिला विचारलं, "हे सगळं ठीक आहे. पण तुझी बाजू कुठली?"

"म्हणजे?"

"तुला काय वाटतं?"

ती गोंधळली. मला वाटलं, इंग्रजीमुळं अडते आहे. "मराठीत सांग," म्हटलं. तरी गप्प. मग हळूच म्हणाली, "मॅडम, दोन्ही बरोबरच आहे ना? आपण कसं सांगायचं?"

बायांनो, त्या 'आपण कसं सांगायचं'नं माझी झोप उडवली. जिवाणूंबद्दल विचारलं असतं तर ही मुलगी तासभर बोलली असती. पण तुला काय वाटतं, या प्रश्नाला तिच्याकडं उत्तरच नव्हतं. इंग्रजीत नव्हतं तसं मराठीतही नव्हतं.

या परीक्षेत लेखन तपासताना चार गोष्टी बघतात. प्रश्नाला नीट उत्तर दिलंय का, मुद्दे ओळीनं मांडलेत का, शब्द कसे वापरलेत आणि व्याकरण. चारींना सारखं वजन. म्हणजे ज्या व्याकरणासाठी आपण पोरांना छड्या मारल्या, त्याची किंमत चार आणे. आणि पहिलेच चार आणे तुमच्या मताचे. मत विचारलं असेल, तर ते स्पष्ट आणि शेवटपर्यंत एकच दिसायला हवं. पाठ केलेली वाक्यं परीक्षकाला ओळखू येतात, तिथं गुण जातात. आमचं नाणं तिथं खोटं ठरतं.

मराठीत पीएचडीच्या मार्गदर्शकालाही गाईड म्हणतात आणि परीक्षेला घोकायच्या पुस्तकालाही गाईडच. तिला पहिला गाईड सातासमुद्रापलीकडं मिळाला होता. आडवं आलं होतं ते दुसरं, आम्ही हातात दिलेलं.

मग मी तिला घराबद्दल विचारत गेले. अकरावीला सायन्स घ्यायचं कुणी ठरवलं? मामांनी. कॉलेज? बाबांनी, एसटी थेट जाते म्हणून. मायक्रोबायॉलॉजी? तिथं ती जरा हसली. "ते मीच. पण कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्याला प्रवेश मिळत नव्हता असं घरी सांगितलं." म्हणजे आयुष्यातलं एकुलतं एक मत तिनं खोटं बोलून पदरात पाडून घेतलं होतं!

तिचे आईवडील वाईट नाहीत हो. कर्ज काढून शिकवणारी माणसं ती. पण घरात चर्चा चालते तेव्हा मुलगी चहा घेऊन येते आणि कप ठेवून आत जाते. भाऊ तिथंच बसून म्हणतो, "बाबा, मला वाटतं की…" वीस वर्षं तिला ही सवयच लागलेली नाही. वर्गातही तेच. माझ्या वर्गात मागच्या बाकावरून मुलगे हुज्जत घालायचे, मुली मान खाली घालून उतरवून घ्यायच्या. आणि आम्ही शिक्षक कौतुकानं म्हणायचो, "मुली किती शहाण्या!" मुलग्यांचं सगळं आलबेल असतं असं नाही, नाण्याचं वाक्य त्यांनीही घोकलंय. पण त्यांना निदान वर्गाबाहेर हुज्जतीचा सराव मिळतो.

आपल्याकडं याच्या उलट उदाहरणं आहेत, आणि ती फार जुनी आहेत. १८८३ च्या फेब्रुवारीत, बंगालमधल्या सेरामपूरला, आनंदीबाई जोशी नावाची सतरा वर्षांची मुलगी सभेसमोर उभी राहून इंग्रजीत बोलली. मी अमेरिकेला का जाते, इथं शिकायची सोय नाही का, एकटी का जाते, जात वाळीत टाकेल त्याचं काय, असे लोकांचे प्रश्न तिनं एकेक करून घेतले आणि एकेकाचं उत्तर दिलं. तेव्हा आयईएलटीएस कुठली असायला? पण आजचा परीक्षक तिथं असता तर पहिले चार आणे त्यानं पूर्ण दिले असते. तिची बाजू कुठली, याबद्दल कुणाच्या मनात शंका राहिली नाही. १८८६ मध्ये ती पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर झाली.

इरावती कर्वे तर १९२८ ला बर्लिनला गेल्या. तिथं इंग्रजीचाही उपयोग नव्हता, सारं काम जर्मनमध्ये. दोन वर्षांत डॉक्टरेट घेऊन परतल्या. कमला सोहोनींना बंगलोरच्या संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी आधी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या गप्प घरी आल्या नाहीत, कारण विचारत राहिल्या. मग एक वर्ष पारखून बघू, अशा अटीवर प्रवेश मिळाला. पुढं केंब्रिजची पीएचडी त्यांनी १९३९ मध्ये मिळवली. या बायकांना भाषा अवघड गेली नसेल असं नाही. पण इरावतीबाई लहानपणी रँग्लर परांजप्यांच्या घरात वाढल्या. कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. तिथं बोलणं व्हायचं, वाद व्हायचे आणि त्यात मुलींनाही जागा असणार. ते घर कृष्णाकाठच्या प्रत्येक मुलीला कुठून मिळणार? मग ते आपणच करायला नको का?

तर आम्ही ठरवलं. क्लास नाही. रोज संध्याकाळी पाच ते साडेसहा तिनं माझ्याकडं यायचं. पहिले आठ दिवस इंग्रजी बंद. मी विषय द्यायची आणि मराठीत विचारायची, तुझी बाजू कुठली? गावात दारूबंदी व्हावी का? शाळेत मोबाइल असावा का? उसाऐवजी दुसरं काही लावावं का? पहिले दोन दिवस 'दोन्ही बरोबर' चाललं. तिसऱ्या दिवशी उसाच्या पाण्यावरून तिचं आणि माझं चांगलं वाजलं. माझ्या भावाचा ऊस आहे, मी उसाच्या बाजूनं भांडले. ती मातीच्या बाजूनं. आवाज ऐकून शेजारच्या काकू डोकावून गेल्या. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

मग तेच इंग्रजीत. पहिल्या वाक्यात मत. पुढं दोन कारणं, प्रत्येक कारणाला आपल्या डोळ्यांनी बघितलेलं एक उदाहरण. दुसरी बाजू काय म्हणते ते दोन ओळींत आणि ती का पटत नाही ते. शेवटी पुन्हा आपलं मत. नाण्यांना बंदी.

या काळात थोडी विचारपूस केली, ती इतरांच्याही उपयोगाची आहे. संगणकावर परीक्षा दिली असेल तर आता चारपैकी एकच भाग पुन्हा देता येतो, मूळ परीक्षेपासून साठ दिवसांच्या आत. सगळी विद्यापीठं ते मानत नाहीत, म्हणून आधी लेखी विचारावं. हिनं विचारलं, विद्यापीठानं चालेल म्हटलं. निकाल अगदीच अनपेक्षित वाटला तर फेरतपासणी मागता येते, गुण बदलले तर तिची फी परत मिळते. बारावीच्या इंग्रजीच्या गुणांवर काही विद्यापीठं माफी देतात, पण कुठल्या बोर्डाचे किती गुण हे प्रत्येकाचं वेगळं. हे सगळं एका ई-मेलवर फुकट कळतं. सल्लागाराकडं जाण्याआधी ती ई-मेल लिहावी. आणि ती मुलीनं स्वतः लिहावी, तिच्या नावानं काकांनी नव्हे.

दोन वर्षांच्या मुदतीचंही सांगते, कारण ती बायकांच्या मुळावर येते. माझ्या एका सहकारी बाईंच्या लेकीनं परीक्षा दिली, पहिल्या फटक्यात ७ बँड. मग स्थळ आलं. लग्न, सासरी रुळायचं, मग बाळंतपण. बाळ वर्षाचं झालं, नवरा म्हणाला, आता कर अर्ज. तोवर निकालाची मुदत संपलेली. इंग्रजी ती विसरली नव्हती, कागद विसरला होता! पुन्हा अठरा हजार, पुन्हा अभ्यास, मांडीवर मूल. तिनं नाद सोडला. नियम करणाऱ्यांनी तो स्त्री-पुरुष बघून केलेला नाही. पण ज्या दोन वर्षांत मुलग्याचं आयुष्य फारसं बदलत नाही, त्याच दोन वर्षांत मुलीचं अख्खं बदलतं. शिष्यवृत्तीच्या अर्जाला अनेकदा विनाअट प्रवेशाचं पत्र लागतं, त्या पत्राला हा निकाल लागतो. एक कडी तुटली की साखळी गेली. म्हणून घरात ही परीक्षा द्यायचं ठरलं तर पुढच्या दोन वर्षांचं कॅलेंडरही त्याच दिवशी बोलून घ्या.

आता आमच्या मुलीकडं वळते. पाच आठवडे झाले असतील. एक दिवस ती आली ती गंभीर चेहऱ्यानं. मामांनी स्थळ आणलं होतं. घरात चाललेलं की पोरगी एकटी एवढ्या लांब जाणार, तर आधी लग्न उरकून टाकू. मुलगा चांगला आहे, जाऊ देतो म्हणतो. नेहमीप्रमाणं तिला कुणी विचारलं नव्हतं.

"मग तू काय केलंस?"

तिनं वही उघडली. मराठीत दीड पान लिहिलं होतं. पहिल्या वाक्यात मत: मला आत्ता लग्न करायचं नाही. खाली दोन कारणं. दुसरी बाजू काय म्हणते ते, तुमची काळजी मला कळते, असं. ती का पटत नाही ते. शेवटी पुन्हा मत. रात्री जेवणं झाल्यावर तिनं ते वडिलांना वाचून दाखवलं होतं. बोलायला धीर झाला नसता, म्हणून वाचून.

"मग?"

"बाबा काहीच बोलले नाहीत. उठून गोठ्यात गेले."

चार दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. आई धास्तावलेली. मला फोन करून म्हणाल्या, "बाई, तुम्ही इंग्रजी शिकवता म्हणून पाठवली होती पोरगी." मी काय बोलणार? खरंच तर होतं. मलाही धाकधूक वाटत होती. उद्या घरच्यांनी जाणंच रद्द केलं असतं, तर तो दोष माझ्या माथी आला असता. पाचव्या दिवशी वडिलांनी मामांना फोन करून स्थळ थांबवायला सांगितलं. आणि मुलीला एवढंच म्हणाले, "परीक्षेला पुण्याला मी येतो सोबत."

लेखनाचा नवा निकाल आला. ६. एका पैशानं जास्त नाही. पण पुरेसा. जानेवारीत ती गेली. तिकडं थंडी फार आहे म्हणते, आणि तिच्या गाईडशी तिचा पहिला वाद झाला म्हणते. कोण बरोबर होतं, मी विचारलं नाही. तिची बाजू कुठली होती, तेवढं विचारलं. तिनं एका वाक्यात सांगितली.

मी मात्र त्या फळ्यावरच्या वाक्याचा हिशेब करत बसते. दरवर्षी दीडशे मुलं, तेहतीस वर्षं. किती जणींना मी दोन बाजू दाखवल्या आणि तिसरी, त्यांची स्वतःची, कधी विचारलीच नाही. गेलेली वर्षं काही परत येत नाहीत. म्हणून तुम्हाला सांगते. घरात मुलगी असेल तर आज रात्री जेवताना तिला एक प्रश्न विचारा. भाजीत मीठ बरोबर आहे का, हा नव्हे. घरातला एखादा खरा निर्णय तिच्यापुढं ठेवा. फ्रीज घ्यायचा की विहिरीचा गाळ काढायचा, आजीला कुठल्या डॉक्टरकडं न्यायचं, काहीही. "तुला काय वाटतं?" म्हणा. ती म्हणेल, "तुम्ही म्हणाल ते." तिथं थांबू नका. "आणि का वाटतं?" असंही विचारा. तिचं उत्तर पटलं नाही तर वाद घाला, पण तिला आत पाठवू नका.

इंग्रजी काय, सहा महिन्यांत शिकता येतं. ज्या मुलीला आपली बाजू सांगता येते, तिला ती कुठल्याही भाषेत लिहिता येते.